उडत्या चकतीच्या पुढं किती मारायचं? ट्रॅप-स्कीटमधल्या लीडचा हिशोब आणि सराव

ट्रॅप आणि स्कीट म्हणजे शॉटगननं, छर्ऱ्यांच्या बंदुकीनं, हवेत उडवलेल्या ठिसूळ चकत्या फोडायचे नेमबाजीचे दोन प्रकार. वीस मीटरवरून क्लेची चकती आडवी चालली आहे. नळी बरोबर तिच्यावर आहे, ट्रिगरही वेळेत ओढला, तरी चकती जशीच्या तशी पुढं जाऊन गवतात पडते. नेम चुकलेला नसतो. छर्रे तिथं पोहोचेपर्यंत चकती सव्वा मीटर पुढं गेलेली असते, एवढंच. हे सव्वा मीटर म्हणजे लीड. ते कसं ठरवायचं, घरी कसं घोटायचं आणि रेंजवर चुकलं तर नेमकं कुठं चुकलं हे कसं ओळखायचं, ते इथं क्रमानं मांडलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पॅरिसच्या २०२४ ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये मिळवलेलं ब्राँझ आपल्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि साताऱ्या-सांगलीकडची बरीच मुलं नेमबाजीत येतात तीही एअर रायफलच्या वाटेनं. त्यातून शॉटगनकडं वळणाऱ्याला जुन्या सवयी आड येतात. रायफलला श्वास रोखायचा, स्थिर व्हायचं, साइट बघायची आणि ट्रिगर हळूच दाबायचा. शॉटगनला हलत राहायचं, साइटकडं बघायचंच नाही आणि चकती दिसते आहे तोवर ट्रिगर ओढून मोकळं व्हायचं. लीडच्या निम्म्या तक्रारी इथंच उगवतात.

आधी आकडे

स्पर्धेची चकती ११० मिलिमीटर व्यासाची, १०५ ग्रॅमच्या आसपास वजनाची. काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्रे आणि छर्रा २.६ मिलिमीटरपेक्षा मोठा नाही. २.४ मिलिमीटरचा छर्रा घेतला तर एका काडतुसात साधारण ३०० छर्रे बसतात. नळीतून ते सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगानं निघतात, पण एवढासा हलका छर्रा हवेत झपाट्यानं मंदावतो. त्यामुळं २० मीटरला सुमारे ०.०६ सेकंद, ३० मीटरला ०.१० आणि ४० मीटरला ०.१४५ सेकंद लागतात. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीहून जास्त होतो, हे ध्यानात ठेवा.

लीड म्हणजे हा वेळ गुणिले चकतीचा वेग. सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगानं पूर्ण आडव्या जाणाऱ्या चकतीला २० मीटरवर १.२ मीटर, ३० मीटरवर २ मीटर आणि ४० मीटरवर २.९ मीटर लीड लागतं. वेग सेकंदाला २५ मीटर असेल तर हेच आकडे दीड, अडीच आणि ३.६ मीटर होतात.

चकती पूर्ण आडवी नसेल, तिरकी लांब जात असेल किंवा तिरकी अंगावर येत असेल, तर लीड कमी होतं. नजरेची रेघ आणि चकतीची वाट यांच्यातला कोन ६० अंशांचा असेल तर पूर्ण लीडच्या नव्वद टक्क्यांना थोडं कमी, ४५ अंशांना सत्तर टक्के, ३० अंशांना निम्मं आणि १५ अंशांना जेमतेम पाव. नवखा माणूस इथं उलटं करतो. ६० अंशांची चकती त्याला 'बरीच तिरकी' वाटते म्हणून तो लीड निम्मं करतो, आणि १५ अंशांची चकती 'थोडी तरी बाजूला आहे' म्हणून तिच्या फार पुढं मारतो.

छर्ऱ्यांचा फुलोरा, म्हणजे हवेत पसरलेला त्यांचा घोळका, योग्य अंतरावर पाऊण मीटर रुंदीचा धरतात. म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना ३५ सेंटीमीटरची सूट. १.२ मीटर लीड हवं असेल तर पाऊण मीटरच्या थोडं वर ते दीड मीटर यांत काहीही चालून जातं. शिवाय छर्रे सगळे एका पातळीत जात नाहीत, पुढंमागं लांबट पट्ट्यासारखे जातात. म्हणून लीड जरा जास्त झालं तर मागून येणारे छर्रे कधीकधी तारून नेतात. कमी पडलं तर तारायला कुणी नाही. शंका आली तर पुढं मारा, मागं नको.

काडतुसाला दोष देणाऱ्यांसाठीही हिशोब सोपा आहे. छर्ऱ्यांचा वेग पाच टक्क्यांनी बदलला तर १.२ मीटर लीड सहा सेंटीमीटरनं बदलतं, म्हणजे अर्ध्या चकतीएवढं. त्यानं चकती सुटत नाही.

'तीन चकत्या पुढं' का फसतं

रेंजवर जुने लोक सांगतात, दोन चकत्या पुढं धर, तीन चकत्या पुढं धर. वर १.२ मीटर म्हटलंय, म्हणजे जवळजवळ अकरा चकत्या. ४० मीटरवर सव्वीस. मग सांगणारा खोटं बोलतो का? नाही. त्याला दिसतं तेवढंच तो सांगतो. त्याची नळी चकतीपेक्षा वेगानं फिरत असते. 'मार' असं मेंदूनं ठरवल्यापासून छर्रे नळीबाहेर पडेपर्यंत नळी आणखी पुढं सरकते आणि उरलेलं लीड तिथं आपोआप मिळतं. दुसरा माणूस हळू फिरवत असेल तर त्याला तेच लीड डोळ्यांनी पूर्ण दिसावं लागतं. म्हणून दुसऱ्याचं लीड उसनं घेऊ नये. त्याची फिरवण्याची पद्धत विचारावी, चकत्यांचा आकडा नको.

मीटरचा हिशोब उभ्या जागी डोक्यात बसत नाही, बोटांचा बसतो. हात पूर्ण लांब करून तर्जनी डोळ्यांसमोर आडवी धरा. डोळ्यापासून बोट ६५-७० सेंटीमीटरवर येतं आणि बोटाची रुंदी पावणेदोन-दोन सेंटीमीटर असते. सेकंदाला २० मीटरवाल्या आडव्या चकतीचं लीड २० मीटरवर सव्वादोन बोटं दिसतं आणि ४० मीटरवर पावणेतीन बोटं. म्हणजे जमिनीवर मोजलं तर लीड अडीचपट, पण डोळ्यासमोर जेमतेम अर्ध्या बोटाचा फरक. अंतराची एवढी धास्ती घ्यायचं कारण नाही. बोटांत मोजलं तर लीड मुख्यतः चकतीच्या वेगावर आणि कोनावर ठरतं.

तरीही लांबच्या चकत्या मागंच चुकतात, आणि त्याला कारण आहे. लांबची चकती डोळ्यासमोरून सावकाश सरकते. तोच खरा वेग ४० मीटरवर निम्मा वाटतो. माणूस नळीही निम्म्या वेगानं फिरवतो, त्यामुळं फिरवण्यातून फुकट मिळणारं लीड घटतं आणि गरज मात्र थोडी वाढलेली असते. लांबच्या चकतीला लीड जाणूनबुजून, डोळ्यांना दिसेल असं द्यावं लागतं. जवळच्या चकतीला फिरवण्यातूनच बरंच मिळून जातं.

हायवेवरचा अभ्यास

वेग ओळखायला शिकायचं तर पुणे-बेंगळुरू महामार्ग आहेच. सातारा ते कराडदरम्यान रस्त्यापासून चांगलं लांब, सर्व्हिस रोडच्या पलीकडं सुरक्षित जागा बघा. काम फक्त डोळ्यांचं आणि बोटाचं आहे. बंदूक, काठी, काही म्हणता काही हातात नको.

रस्त्यापासून ४० मीटर अंतर पावलांनी मोजून उभं राहा. ताशी ९० किलोमीटरनं जाणारी गाडी म्हणजे सेकंदाला २५ मीटर. छर्रे तिथवर पोहोचायच्या वेळात ती ३.६ मीटर सरकते, म्हणजे लहान कारच्या लांबीएवढी. ती समोर येईल तेव्हा तिच्या नाकापुढं आणखी एक कार उभी आहे अशी कल्पना करा. तेवढं लीड. मग ताशी ६० नं जाणारी एसटी बघा. तिचं लीड २.४ मीटर येतं, पण एसटी मोठी असल्यानं आहे त्याहून संथ वाटते आणि मन तेवढंही द्यायला तयार होत नाही. उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी २० नं चालला असेल तर ८० सेंटीमीटर. पाठोपाठ दुचाकी गेली की ती त्याच वेगाच्या एसटीपेक्षा भरधाव वाटते. डोळ्याची ही फसगत मैदानावर तशीच होते. स्पोर्टिंग या चकत्यांच्याच आणखी एका प्रकारात ९० आणि ६० मिलिमीटरच्या लहान चकत्या येतात. त्या लांब आणि वेगवान वाटतात, म्हणून माणूस घाई करतो. नेहमीची चकती ओळखीची, म्हणून सुस्तावतो.

तास-दोन तास असं बघितलं की 'जोरात' आणि 'सावकाश' या शब्दांना आकडा चिकटतो. पुढच्या कामाला तो लागणार आहे.

घरचा कोरडा सराव

ज्याच्या तालुक्यात क्लेची रेंज नाही त्यानं निम्म्याहून जास्त काम घरी करावं. रेंज जवळ असली तरी करावं. काडतूस महाग आहे, आणि चुकीच्या माउंटवर (बंदूक गाला-खांद्याला लावण्याची क्रिया म्हणजे माउंट) शंभर काडतुसं उडवली तर शंभर वेळा चूकच पक्की होते.

बंदूक उघडा, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड बघा, घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवा. काडतुसं त्या खोलीत नकोतच, दुसऱ्या खोलीत कुलपात. ट्रिगर ओढायचा असेल तर चेंबरमध्ये स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं खोटं काडतूस, घाला.

पहिली तपासणी डोळ्याची. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये रुपयाच्या नाण्याएवढी फट करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून फटीतून लांबचा दिवा बघा. आता डावा डोळा मिटा. दिवा तिथंच दिसला तर उजवा डोळा बलवान. दिवा गायब झाला तर डावा. उजव्या खांद्यावर बंदूक घेणाऱ्याचा डावा डोळा बलवान असेल तर त्याच्या हिशोबात नळी एकीकडं आणि नजर दुसरीकडं अशी फूट पडते. मग लीडचा कितीही अभ्यास केला तरी डावीकडून येणारी चकती एका तऱ्हेनं चुकते आणि उजवीकडून येणारी दुसऱ्याच. चष्म्याच्या डाव्या काचेवर, नळीचं टोक जिथं दिसतं तेवढ्याच जागी, अर्धपारदर्शक टेपचा लहान तुकडा लावा. डोळा मिटू नका. अंतर आणि वेग दोन्ही डोळ्यांनी मिळून कळतात. लहान वयात शिकणाऱ्यानं सरळ डाव्या खांद्यावर शिकावं, ते जास्त बरं.

मग माउंट. दस्ता आधी गालाला, मग खांद्याला. बहुतेक जण आधी खांद्यात खुपसतात आणि नंतर मान वाकवून गाल खाली आणतात. त्यात डोळा प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीवर बसतो. दोन्ही हात बरोबर उचला. पुढचा हात नळीला चकतीकडं नेतो, मागचा दस्ता गालाशी आणतो. डोळे मिटून माउंट करा आणि उघडून बघा. नळीवरची पट्टी, म्हणजे रिब, सपाट दिसून टोकाचा मणी मधोमध असेल तर बंदूक अंगाला बसते. एका बाजूला दिसत असेल किंवा रिबची पाठ लांबलचक दिसत असेल तर दस्त्याची लांबी-उंची जाणकाराकडून बघून घ्या. बुटक्या अंगाच्या मुलामुलींना लांब दस्ता बगलेत अडकतो आणि नळी उशिरा उठते. दिसायला लीड कमी, मूळ दुखणं दस्त्याचं.

रोज वीस माउंट, सावकाश. थकवा आला की थांबायचं. थकलेल्या खांद्यानं केलेला सराव बिघडवतो.

तिसरा सराव भिंतीचा. पेन्सिल सेलवर चालणारी बारीक टॉर्च कागदी टेप गुंडाळून नळीच्या तोंडात सैलसर बसेल एवढी जाड करा. खोलीत अंधार करा. भिंत आणि छत जिथं मिळतात ती रेघ म्हणजे चकतीची वाट. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत उजेडाचा ठिपका त्या रेघेवरून न्यायचा आणि नेतानेताच माउंट करायचं. ठिपका रेघेवरून सुरू झाला आणि माउंटच्या वेळी खाली डुचमळला तर मागच्या हातानं दस्ता झटक्यानं उचलला आहे. शेवटी शेवटी धनुष्यासारखा खाली वाकत गेला तर वळण फक्त हातांत आहे, कमरेत नाही. ही खोट मैदानावर 'लीड कमी पडलं' अशी दिसते. खरं तर छर्रे चकतीच्या खालून गेलेले असतात.

मैदानावर तीन जागा ठरवा

'पुल' म्हणण्यापूर्वी, म्हणजे चकती सोडा असं सांगण्यापूर्वी, तीन जागा पक्क्या हव्यात, आणि ठरवायच्या त्या उलट क्रमानं. आधी चकती कुठं फोडायची. मग नळी कुठून सुरू करायची. शेवटी नजर कुठं ठेवायची.

स्कीटचं उदाहरण घेऊ. चकत्या फेकणाऱ्या मशीनची दोन हाउस, उंच आणि बुटकं, कमानीच्या दोन टोकांशी. उंच हाउसमधून चकती ३.०५ मीटरवरून सुटते, बुटक्यातून १.०५ मीटरवरून. सात स्टेशनं, म्हणजे नेमबाजानं उभं राहायच्या जागा, १९.२ मीटर त्रिज्येच्या कमानीवर, आठवं मधोमध. चौथं स्टेशन कमानीच्या मध्यावर, म्हणून तिथं दोन्ही चकत्या जवळजवळ पूर्ण आडव्या. लीड इथं सगळ्यांत जास्त, सव्वा मीटरच्या आसपास.

चौथ्या स्टेशनवर चकती मधल्या खुंटीच्या (दोन्ही चकत्यांच्या वाटा जिथं छेदतात ती खूण) थोडी अलीकडंच फोडायची. उभं राहताना पट्ट्याचं बक्कल त्या जागेकडं करा. मशीनकडं तोंड करून उभं राहिलात तर ऐन ट्रिगरच्या क्षणी कंबर वळायची संपते आणि नळी आपोआप थांबते. पाय तसेच ठेवून कमरेतून मशीनकडं मागं वळा. आता वळणातला ताण सुटण्याच्या दिशेनं असतो.

नळी मशीन ते मधली खुंटी या अंतराच्या साधारण एक तृतीयांशावर धरा. मशीनच्या तोंडाशी धरली तर चकती नळीला मागं टाकून जाते आणि तुम्ही पाठलाग करत राहता. फार पुढं धरली तर वाट बघावी लागते, आणि वाट बघणारी नळी चकती आली की दचकते. नजर नळीच्या टोकावर नाही. टोक आणि मशीन यांच्या मधल्या पोकळीत, थोडी सैल. चकती तिथं आली की रेघ न राहता चकती दिसते.

स्कीटमध्ये 'पुल' म्हटल्यावर चकती शून्य ते तीन सेकंदांत केव्हाही सुटते, आणि ती दिसेपर्यंत दस्ता खाली, जाकिटावरच्या पट्टीपाशी. इथं लोक चकतीऐवजी घड्याळाची वाट बघतात आणि उशीर झाला की नळी स्वतःच सरकायला लागते. तसं झालं तर बंदूक उतरवा आणि पुन्हा सुरुवात करा.

बाकीची स्टेशनं थोडक्यात. पहिल्यावर उंच हाउसची चकती डोक्यावरून समोर लांब जाते, लीड जवळजवळ नाही, नळी किंचित खाली. दुसऱ्या आणि सहाव्यावर मशीन जवळ असलेली चकती फसवी. वेगवान वाटते म्हणून लोक झडप घालतात आणि पुढं मारतात. तिसऱ्या-पाचव्यावर चौथ्याच्या जवळपास. सातव्यावर बुटक्या हाउसची चकती सरळ समोर, तिच्यावरच मारा. आठव्यावर चकती अंगावर येते, नळीनं ती झाकली त्याच क्षणी ट्रिगर.

ट्रॅपची गोष्ट वेगळी. नेमबाज मशीनं बसवलेल्या खंदकापासून १५ मीटर मागं, पंधरा मशीन तीन-तीनच्या गटात, चकती डावी-उजवीकडं ४५ अंशांपर्यंत. ऐकायला ४५ अंश भारी वाटतात, पण चकती लांब जात असल्यानं ३० मीटरवर तुमच्या नजरेच्या रेघेशी तिचा कोन वीस अंशांच्या आसपासच उरतो. अगदी कडेच्या चकतीलाही लीड पाऊण मीटरच्या थोडं वर. त्यामुळं ट्रॅपमध्ये लीडपेक्षा वेळ महत्त्वाची: उशीर झाला की अंतर वाढतं, फुलोरा विरळ होतो. आणि चकती वर चढत असते, तर नळी खालून तिरकी वर न्या. आडवी नेऊन मग वर उचलू नका.

लीड देण्याच्या तीन पद्धती

पहिली मागून येऊन पार करण्याची. नळी चकतीच्या मागून सुरू होते, चकतीपेक्षा वेगानं तिच्यातून जाते आणि पुढं निघताच ट्रिगर. जवळच्या आणि तिरक्या चकत्यांना उत्तम, ट्रॅपची ही मुख्य पद्धत. दुखणं असं की फिरवण्याचा वेग मनःस्थितीवर ठरतो. घाबरलात तर वेगळं लीड, निवांत असलात तर वेगळं. शिवाय ३५-४० मीटरवर ती अपुरी पडते, कारण वर सांगितलंच.

दुसरी सुरुवातीपासून पुढं राहण्याची. नळी चकतीच्या पुढं सुरू होते, चकतीच्याच वेगानं चालते आणि अंतर न बदलता ट्रिगर सुटतो. स्कीटला ही सगळ्यांत खात्रीची, कारण चकतीची वाट आणि वेग ठरलेले असतात. इथं लीड पूर्ण दिसावं लागतं, त्यामुळं स्टेशनवार आकडे पाठ करता येतात. धोका एकच: अंतर मोजायला नजर नळीवर येते.

तिसरी धरून ओढून नेण्याची. शिकणाऱ्यानं आमच्या मते इथून सुरुवात करावी. नळी चकतीवर आणायची, तिच्याबरोबर क्षणभर चालायचं म्हणजे वेग आणि वाट दोन्ही हाताला कळतात, मग पुढं ओढायची आणि ओढताओढताच मारायचं. 'धर, चाल, ओढ' असं मनात म्हणा. ओळखीच्या नसलेल्या चकतीला ही पद्धत फसवत नाही, कारण वेग डोळ्यांनी अंदाजावा लागत नाही, हात तो मोजतो. थोडा वेळ जास्त लागतो, म्हणून ट्रॅपला जमत नाही.

तीन महिने एकच पद्धत चालवा. एका राउंडमध्ये तीन पद्धती केल्या तर कुठल्या चुकीनं काय झालं ते कळायला मार्ग राहत नाही.

नळी थांबते, तेव्हा सगळं संपतं

चकती सेकंदाला २० मीटर चालली आहे आणि ट्रिगरच्या क्षणी नळी फक्त एक दशांश सेकंद थांबली, तर दोन मीटर लीड गेलं. २० मीटरवर मुळात हवं होतं १.२. म्हणजे अचूक मोजलेलं लीड वजा होऊन छर्रे चकतीच्या ८० सेंटीमीटर मागून जातात. बहुतेक चुकलेल्या चकत्या मागं चुकतात त्या हिशोब चुकल्यामुळं नाही, नळी थांबल्यामुळं.

ती थांबते का? सगळ्यांत मोठं कारण नजर. लीड बरोबर आहे का हे तपासायला नजर चकतीवरून नळीच्या टोकावर येते. हात नजरेच्या मागं जातात. नजर स्थिर झालेल्या टोकावर आली की हातही स्थिर. यावर उपाय असा की चकतीची पुढची कड बघायची. नुसती चकती नाही, तिची कड, तिच्यावरचे गोल कंगोरे. कड स्पष्ट दिसत असताना नळी पुढं अस्पष्ट सावलीसारखी दिसते आणि तेवढी दिसली पाहिजे, जास्त नाही.

दुसरं कारण पायांचं, ते वर आलंच. तिसरं गाल उचलण्याचं: फुटली का बघायच्या उत्सुकतेत डोकं आधीच वर येतं, नळी थांबते आणि छर्रे वरून जातात. फुटलेल्या चकतीचा मोठा तुकडा नळीनं पाठलाग करत जमिनीपर्यंत न्यायची सवय लावा. चुकली तरी न्या.

चूक कशी वाचायची

चकतीचा धूर झाला तर फुलोऱ्याचा मध्य लागला. दोन-तीन मोठे तुकडे झाले तर कडेचे छर्रे लागले. मागच्या बाजूची कपची उडाली तर मागं मारलं, पुढची उडाली तर पुढं. एका कपचीवरून निकाल देऊ नका, तीनदा तेच दिसलं तर माना.

सोबती तुमच्या उजव्या खांद्यामागं, नळीच्या रेघेत डोळा ठेवून उभा राहिला तर आभाळाच्या पार्श्वभूमीवर छर्ऱ्यांचा धूसर ढग क्षणभर दिसतो. प्लास्टिकचा वॅड, म्हणजे काडतुसातली छर्ऱ्यांखालची डबी, बघून सांगणाऱ्याचं मनावर घेऊ नका, वॅड वाऱ्यानं कुठंही जातो.

काहीच कळत नसेल तर मुद्दाम पुढं चुकवा. मागं मारतोय अशी शंका असेल तर थोडं थोडं वाढवत बसू नका. सरळ दुप्पट लीड द्या. फुटली तर उत्तर मिळालं. पुढून गेली, आणि सोबत्यानं तसं पाहिलं, तर उत्तर दोन्हींच्या मध्ये आहे. बोटबोट वाढवणारा माणूस अख्खी पेटी मागंच मारतो, कारण जास्त लीड दिलं असं त्याला वाटतं, दिलेलं नसतं.

हे सगळं करण्याआधी बंदूक सरळ मारते का ते बघून घ्यावं. १५ मीटरवर मोठ्या कागदावर खूण करून चार-पाच काडतुसं मारा. फुलोऱ्याचा मध्य खुणेच्या दोन्ही बाजूंना सारखा पडला पाहिजे. चोकही, म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळपणा, अंतराला साजेसा हवा. स्कीटला अगदी मोकळा, ट्रॅपला घट्ट. जवळच्या चकतीला घट्ट चोक लावला तर फुलोरा एवढासा राहतो की लीडमधली सूटच संपते.

वारा, उजेड, जागा

चाळकेवाडीच्या किंवा ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. उघड्या माळावर वारा असतोच. ताशी १८ किलोमीटरचा आडवा वारा ३० मीटरवर छर्ऱ्यांना दहा-बारा सेंटीमीटरच सरकवतो, त्याची चिंता नको. चकतीला मात्र तो चांगलाच हलवतो. समोरून वारा आला तर चकती वर उचलली जाते आणि मंदावते, पाठीमागून आला तर लवकर खाली बसते. खाली येणाऱ्या चकतीला लीड पुढं आणि खाली दोन्हीकडं लागतं, आणि खालचं हमखास विसरलं जातं.

रेंजचं तोंड उत्तर किंवा ईशान्येकडं असावं, म्हणजे सूर्य डोळ्यात येत नाही. डोंगर किंवा हिरव्या उसाच्या पार्श्वभूमीवर काळी चकती हरवते, केशरी घ्या.

माळरान मोकळं दिसतं म्हणून तिथं चकत्या उडवायचा विचार करू नका. हे छर्रे २०० मीटरपर्यंत जाऊन पडतात, म्हणून रेंजवर पुढं २७५-३०० मीटर रिकामी जागा ठेवतात. जत किंवा माण-खटावच्या माळावर टेकाडाआड मेंढपाळ असतो, उसाच्या फडात तोडकरी असतात, आणि ते दिसत नाहीत. बारा बोअरची बंदूक आणि काडतुसं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यावरच, आणि सराव मान्यता असलेल्या रेंजवरच. तिथंही स्टेशनवर पोहोचेपर्यंत बंदूक उघडी, कानात प्लग आणि डोळ्यांना चष्मा.

पंचवीस काडतुसांची एक पेटी अशी वापरता येईल. पहिली पाच सातव्या स्टेशनवर बुटक्या हाउसला, म्हणजे लीड नाही, फक्त माउंट आणि गाल तपासायचा. इथं चुकलं तर पुढं जाऊ नका, भिंतीकडं परत. पुढची दहा चौथ्या स्टेशनवर, एकाच हाउसला, एकाच पद्धतीनं. त्यातली दोन मुद्दाम पुढं चुकवायची, म्हणजे जास्त म्हणजे किती ते डोळ्याला कळतं. पुढची पाच त्याच स्टेशनवर दुसऱ्या हाउसला. उजव्या हाताच्या माणसाची नळी उजवीकडं जाताना लवकर अडकते, तो फरक इथं दिसतो. उरलेली पाच ज्या चकतीनं मागच्या वेळी छळलं तिला. वहीत स्टेशन, हाउस, नळी कुठून सुरू केली आणि चकती कशी फुटली एवढं लिहा. लीडचा आकडा लिहायची गरज नाही, पुढच्या खेपेला तो बदललेलाच असतो.